परबांची गिटार अजून तयार नाही

मासळीबाजारात गिटार घेऊन येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या दारात राहतो.

त्या रविवारी सकाळी मी मुलुंडच्या बाजारात बांगडे घ्यायला उभी होते. माझ्या पुढे सुहास परब. हातात पिशवी नाही, खांद्याला माणसाएवढी काळी बॅग. पारूबाई कोळणीने विचारलं, "काय रं दादा, काय देऊ?" परबांनी बॅगेची चेन उघडली, आतून लालभडक बेस गिटार काढली आणि अदबीने म्हणाले, "मावशी, जरा काट्यावर ठेवतंय. वजन बघूचां आसा." पारूबाईने एकदा गिटारकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग काट्यावरचं पापलेट बाजूला सारलं, काटा ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाली, "ठेव. पन साफ करून मिलनार नाय."

चार किलो तीनशे ग्रॅम भरली. परबांचा चेहरा असा उजळला, की पारूबाईलाही बरं वाटलं. मागच्या महिन्यात चार किलो पाचशे होती म्हणे. तारा पिळायच्या खुंट्या हलक्या धातूच्या बसवल्या आणि दोनशे ग्रॅम उतरले. या गिटारला मान खाली टाकायची खोड होती. गळ्यात अडकवून हात सोडला की मान जमिनीकडे जायची. आता ती सरळ राहील, असं त्यांनी मला, पारूबाईला आणि मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंना समजावून सांगितलं. भीड म्हणून अर्धा किलो मांदेली घेतली आणि गेले.

मी शाळेत गणित शिकवते. घरी आल्यावर त्यांना म्हटलं, "भाऊजी, घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग गिटार घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. बाजारात कशाला जायला हवं?" ते म्हणाले, "वहिनी, माझांच वजन रोज बदलता. माझ्यावर काय भरवसो?"

परब लिफ्ट दुरुस्त करतात. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या कंपनीकडे आहेत, आमच्या इमारतीची तेवढी नाही. त्यामुळे ती बंद पडली की आम्ही पाच मजले चढत असतो आणि शेजारून चढणारे परब तिचं नेमकं काय बिघडलंय ते बिनचूक सांगत असतात. हात मात्र लावत नाहीत. दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, असं त्यांचं तत्त्व आहे. स्वतःच्या मशीनला ते किती हात लावतात, त्याचीच ही सगळी हकिकत.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. मला हे पूर्वी माहीत नव्हतं आणि माझं काही अडलंही नव्हतं. गाण्याच्या तळाशी जो ढुम-ढुम असा आवाज असतो तो हिचा. परब तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात ती वाजवायचे. गणपतीत, नवरात्रात, हळदी-लग्नांत मालवणपासून पालघरपर्यंत फिरलेले. मग कीबोर्डवाल्यांनी डाव्या हाताने तोच ढुम-ढुम काढायला सुरुवात केली, आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाने एक माणूस कमी केला. तो माणूस परब. तेव्हापासून जगातल्या सगळ्या कीबोर्डवाल्यांच्या डाव्या हातावर त्यांचा राग आहे. उजव्या हाताबद्दल ते आदराने बोलतात.

ही लाल गिटार त्यांनी कुर्ल्याला एका मोडलेल्या बँडकडून जुनी म्हणून घेतली. आणल्या दिवसापासून तिच्यावर काम सुरू झालं. तारा बदलल्या. खुंट्या बदलल्या. तारा खाली जिथे अडकतात ती पितळी पट्टी बदलली. आवाज पकडणारी चुंबकं बदलली, मग जुनीच परत बसवली, मग त्यांतलं एक काढून दुसऱ्या जातीचं लावलं. दरवेळी काम झालं की समोरचं दार उघडायचं, आमची बेल वाजायची आणि परब गिटार व एक छोटा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, घेऊन आमच्या सोफ्यावर बसायचे. तेच चार स्वर वाजवायचे आणि विचारायचे, "फरक कळता काय?"

आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी "बराच" म्हणून सुटका करून घेतली. मला खोटं बोलता येत नाही, निदान चार स्वरांसाठी तरी नाही. मी म्हणायचे, "नाही हो भाऊजी." यावर परब ह्यांना सोडून माझ्याकडे वळायचे. त्यांच्या मते आमच्या घरात ऐकणारा कान माझाच होता, कारण मी प्रामाणिक होते. या प्रामाणिकपणापायी मी किती संध्याकाळी गमावल्या, देव जाणे. वह्या तपासायच्या राहिल्या, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, आणि फरक काही केल्या कळला नाही.

एकदा तर आमची ट्यूबलाइट बंद करायला आले. गिटारमध्ये घूं असा आवाज येत होता आणि त्याचं मूळ भिंतीपलीकडच्या आमच्या ट्यूबमध्ये आहे, असा त्यांचा शोध होता. ह्यांनी ट्यूब बंद केली. घूं चालूच. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. शेवटी अंधारात आम्ही दोघं घामाघूम बसलो आणि पलीकडून परबांचा समाधानी आवाज आला, "आता आवाज थांबलो." पुढच्या रविवारी त्यांनी गिटारचं पोट उघडून आत पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला. तो तन्वीच्या डब्याचा होता. ती आठवडाभर पोळ्या वर्तमानपत्रात नेत होती.

तन्वी म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून त्या घरात हे दोघंच. तन्वी आता फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या माना सरळ करते आणि घरी येते तर बाप गिटारची मान सरळ करत बसलेला असतो. पण बापावर ती ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही. फक्त एकदा तिचा आवाज चढला होता. ती दमून घरी आली, गॅसवर पातेलं उकळताना दिसलं, भुकेपोटी झाकण काढून आत चमचा घातला आणि चमच्याला गिटारच्या तारा गुंडाळून आल्या. जुन्या तारा उकळल्या की त्यांतला मळ निघतो आणि आवाज पुन्हा कोरा होतो म्हणे. तन्वी ते पातेलं घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, आज मी तुमच्याकडे जेवते. आमच्याकडे तारांचं सार आहे."

तिचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, भला. साखरपुड्याच्या दिवशी परबांनी लेकीला विचारलं की तुला काय हवं. ती म्हणाली, "हळदीला तुम्ही स्टेजवर वाजवायचं. आईच्या आवडीचं गाणं. एकच. बाकी काही नको." ऑर्केस्ट्रा सुटल्यापासून परब स्टेजवर चढले नव्हते. चारचौघांत त्यांनी मान हलवली आणि शब्द दिला. हळदीला सहा महिने होते.

त्या सहा महिन्यांत काय झालं ते मी समोरच्या दारातून पाहत होते. गाणं त्यांचं पाठच होतं. वाजवायचं राहिलं बाजूला, गिटार तयार करायचं निघालं. तेव्हाच त्या खुंट्या आल्या, तेव्हाच मासळीबाजार झाला. आवाज कमी-जास्त करायची बटणं तीनदा बदलली. जिन्यात कुणीही भेटलं आणि "काय परब, तयारी झाली का लग्नाची?" असं विचारलं, तर उत्तर यायचं, "गिटार अजून तयार नाय." हॉल बघायचा, पत्रिका छापायच्या, मानपानाचं बघायचं, हे सगळं तन्वीच्या मावशीच्या, सुमनताईंच्या गळ्यात. त्या भांडुपहून येऊन बहिणीच्या जागी उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचं परबांशी बोलणं बहुतेक एकतर्फी असायचं. "भावोजी, लग्न मुलीचं आहे. गिटारचं नव्हे."

हळदीला महिना राहिला तेव्हा एके दुपारी मी डब्यात चिरोटे घेऊन गेले, तर गिटार पुन्हा उघडी. तिच्या पोटात परब एक हिरवी पट्टी बसवत होते. हा प्रीॲम्प. गिटारचा आवाज बाहेर जायच्या आधी आतच ताकदवान करणारं यंत्र. ते नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतं. परबांनी मला बजावून सांगितलं, जणू मी उद्यापासून वापरणार होते, "वहिनी, ह्येका चालू-बंदचां बटण नसतां. वायर खोचली की चालू, काढली की बंद. वायर खोचून ठेवलास तर बॅटरी आपोआप संपता. ह्यां कायम ध्यानात ठेवायचां."

मी म्हटलं, "भाऊजी, आता पुरे. लग्न काय पुढे ढकलायचं का तुमच्या गिटारसाठी?"

"ढकलतीत काय?" त्यांनी विचारलं. मी हसले. ते हसत नव्हते. सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून म्हणाले, "ह्यां काम संपलां, की चेडू सासरी गेलां समजा. मगे ह्या घरात काय करू मी?" आणि लगेच, माझ्या उत्तराची वाटही न बघता, हिरव्या पट्टीवर फुंकर मारायला लागले. मला त्यांचा राग येत होता, तो कुठच्या कुठे गेला. चिरोटे टेबलावर ठेवून मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, ती गिटार त्या माणसाला मुद्दाम तयार होऊ द्यायची नाहीये.

तन्वीला हे कळत नव्हतं असं नाही. हळदीला पंधरा दिवस उरले तेव्हा तिने बापाचे स्क्रू-ड्रायव्हर एका डब्यात घालून डबा माझ्याकडे आणून ठेवला आणि बापाकडून वचन घेतलं, की आता गिटारला हात लावायचा नाही. गिटार स्टँडवर राहील. सरळ हळदीला उतरेल. परब कबूल झाले आणि त्यांनी खरोखर हात लावला नाही. पंधरा दिवस ते त्या खोलीकडे पाठ करून बसायचे. माझ्याकडे दोनदा आले, डब्याकडे पाहिलं, पाणी पिऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाने गिटार उघडली नाही, आणि घात झाला तो त्यानेच.

हळद सोसायटीच्या आवारात होती. मांडव, पिवळे पडदे, स्टेज, भांडुपची बेंजो पार्टी. पार्टीवाले तासभर उशिरा आले, त्यामुळे आवाज तपासून घ्यायला वेळ मिळाला नाही. कीबोर्डवर बबलू नावाचा एक गोड माणूस होता. परबांनी त्याला बाजूला घेऊन हात जोडले. "बबलू, ह्या एका गाण्यापुरतां तुझा डावा हात खिशात ठेव." बबलू म्हणाला, "अंकल, टेन्शन नका घेऊ. बेस तुमचा."

सात वाजता गाणं सुरू झालं. परबांनी इस्त्रीचा पांढरा झब्बा घातला होता आणि गिटार गळ्यात सरळ उभी होती, मान कुठेही झुकलेली नाही. गाणारणीने पहिली ओळ घेतली. परबांनी पहिला स्वर वाजवला. मी स्टेजच्या अगदी कडेला होते. आवाज आला नाही.

त्यांनी एक बटण फिरवलं. मग दुसरं. वायर हलवून पाहिली. तिसऱ्या बटणावर बोट गेलं आणि तिथेच थांबलं, आणि माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं त्यावरून मला सगळं कळलं. गिटार पंधरा दिवस स्टँडवर होती, ती वायर खोचलेली होती. मला बजावून सांगणारा माणूस ती काढायला विसरला होता. आत हिरव्या पट्टीने बॅटरी थेंब थेंब पिऊन संपवली होती. हात लावला असता तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

समोर पाटावर तन्वी बसली होती, तोंडभर हळद, आणि ती टक लावून बापाकडे पाहत होती. परब वाजवत राहिले. अख्खं गाणं, चारी तारांवर, एकही स्वर न सोडता, बिनआवाजाचं. दुसऱ्या कडव्यापासून मला ढुम-ढुम ऐकू यायला लागलं आणि मी चमकून पाहिलं. बबलूचा डावा हात. बिचाऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं. रिकामी जागा दिसली आणि सवयीने हात गेला. परबांनीही ते पाहिलं.

टाळ्या पडल्या. खाली उतरताना लोकांनी परबांना घेरलं. दुसऱ्या मजल्यावरचे साटम म्हणाले, "काय वाजवलंत परब. इथे छातीत धडधडत होतं." आमच्या ह्यांनी तर पाठीवर थाप मारून सांगितलं, "आज फरक कळला बरं का." परब सगळ्यांना नमस्कार करत स्टेजमागच्या पडद्याआड गेले. मी मागोमाग गेले. भाड्याच्या खुर्च्यांच्या थप्पीजवळ ते गिटार मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "भाऊजी, मी वर जाऊन बॅटरी आणते. अजून एकदा वाजवा." त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर नाचाची गाणी सुरू झाली होती, पोरं उड्या मारत होती. "एकच मागितल्यान वहिनी," ते म्हणाले. "जल्मात एकच गोष्ट मागितल्यान."

तेवढ्यात पडदा हलला आणि तन्वी आली. हात, तोंड, साडी, सगळं पिवळं. ती सरळ बापासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता वाजवा."

"बॅटरी गेली गो."

"मला माहितीये. वाजवा."

आणि तिने डोकं पुढे केलं आणि गिटारच्या लाकडाला कान टेकला. गाल, कान, सगळ्या हळदीसकट. परब वाजवायला लागले.

मी बावळटासारखी उभी होते. तन्वी डोळे मिटूनच मला म्हणाली, "काकू, आई गेली तेव्हा मी शाळेतून आले की रडायचे. बाबा गिटार घेऊन बसायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ॲम्प लावायचे नाहीत. मग मी असा कान लावायचे. लाकडातून सगळं ऐकू येतं. ॲम्पवरचं मला बाबांचं वाटतच नाही."

मी त्या चंदेरी कागदाचा विचार केला, त्या चुंबकांचा, बटणांचा, हिरव्या पट्टीचा. तन्वीच्या कानाशी त्यांतल्या एकाचाही संबंध नव्हता. मला रडू आलं, हे सांगून टाकते. मी गणिताची बाई आहे, पण हा हिशोब मला आधी मांडता आला नव्हता.

"तिसऱ्या कडव्यात चुकलात," तन्वी म्हणाली. "स्टेजवर पण तिथेच चुकलात. बोटं बघत होते मी."

"घसरलां बोट."

"पहिल्यापासून घ्या."

"आख्खां?"

"अख्खं."

त्यांनी पहिल्यापासून घेतलं. पडदा फाडल्यासारखा उघडत सुमनताई आत आल्या. "इथे काय करताय? तिकडे उष्टी हळद घेऊन आलेली नागपूरवाल्यांची माणसं निघालीत, नवरीचा पत्ता नाही." मी हाताने त्यांना अडवलं. म्हटलं, "ताई, चार मिनिटं थांबा. गाणं चालू आहे."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. बाहेर बेंजोचा एवढा दणदणाट होता की त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मलाही येत नव्हतं. परबांची बोटं चालत होती आणि तन्वीचे ओठ आईच्या गाण्याचे शब्द म्हणत होते, एवढंच दिसत होतं. सुमनताई ते ओठ बघत राहिल्या. गाणं त्यांच्या बहिणीचं होतं, त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी पदराने नाक पुसलं, मागे सरकल्या, पडदा नीट ओढून घेतला, आणि बाहेर त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज ऐकू आला. "थांबा रे सगळे. नवरी येतेय. तिचं गाणं संपू दे."